काठावर कुडकुडणाऱ्यांसाठी नियमावली

थंड पाण्यात कसं पोहावं, हे सांगणारी पुस्तकं इंग्लंडात ढिगाने मिळतात. पोहणाऱ्याचा टॉवेल धरून काठावर कसं उभं राहावं, हे सांगणारं एकही माझ्या वाचनात आलेलं नाही. ही उणीव प्रस्तुत नियमावली भरून काढील. आधारासाठी लंडनच्या टूटिंग बेक लायडो या उघड्यावरच्या तलावात एका वर्षाआड जानेवारीत होणारी राष्ट्रीय स्पर्धा घेतली आहे. पोहणाऱ्यास यापुढे ‘जलस्थ’ व टॉवेलवाल्यास ‘तीरस्थ’ म्हटलं जाईल. जलस्थ म्हणजे आमची ही. तीरस्थ कोण, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

नियम १ : विरोध करू नये. दिवाळीच्या पहाटे बादलीत बोट बुडवून ‘अजून कढत हवं’ म्हणणारी व्यक्ती जानेवारीत उघड्यावरच्या तलावात आपखुशीने उतरते, यात विसंगती आहे असं तीरस्थास वाटेल. वाटू द्यावं. बोलून दाखवल्यास ‘मी माहेरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेय’ असं उत्तर मिळतं. विहिरीचं पाणी पौषातही कोमट लागतं, हा मुद्दा पुराव्यानिशी मांडला तरी खटला जिंकता येत नाही.

नियम २ : भूगोल पाठ करावा. हा तलाव १९०६ सालचा. लांबी सुमारे ९१ मीटर, रुंदी ३०. पाणी तापवण्याची सोय नाही आणि तशी मागणी करणाराही कोणी भेटत नाही. कडेने कपडे बदलायच्या खोल्या, त्यांची दारं रंगीबेरंगी, त्यामुळे फोटोत सगळं उन्हाळ्यासारखं दिसतं. फोटोवर विश्वास ठेवू नये.

महत्त्वाचं म्हणजे शर्यत लांबीत नव्हे, रुंदीत होते. जलस्थ या काठाने उतरते आणि एका रुंदीची शर्यत असेल तर त्या काठाला लागते. ती सरळ ३० मीटर कापते, तेव्हा तीरस्थाला टॉवेल, पिशवी, थर्मास आणि चपला घेऊन अख्ख्या तलावाला वळसा घालावा लागतो, तोही न धावता, कारण ओल्या काठावर धावायला मनाई आहे. म्हणून शिट्टीच्या आधीच पलीकडे जाऊन उभं राहावं. ‘तू मला निरोप द्यायला नव्हतास’ हा आरोप परवडतो. ‘तू टॉवेल घेऊन नव्हतास’ हा परवडत नाही.

नियम ३ : पोशाख. जलस्थांना रबरी सूट वर्ज्य. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा, बस्स. सूर मारायलाही बंदी. पाण्यात उतरून, कठडा धरून सुरुवात करायची. त्याला कारण आहे. गार पाणी अंगाला लागताच माणूस न ठरवता मोठा श्वास ओढतो आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाऐवजी तलावच आत जातो. हा धक्का मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो, पण चांगल्या पोहणाऱ्याची ३० मीटरची शर्यत त्याआधीच संपलेली असते. म्हणजे धक्का ओसरेपर्यंत बाई बाहेर!

तीरस्थाच्या पोशाखावर कोणतंही बंधन नाही. का असावं? जलस्थ अर्धा मिनिट पाण्यात, तीरस्थ सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाऱ्यात. पाणी किती अंश आहे ते फळ्यावर लिहितात. माझे पाय किती अंशांवर आहेत, ते विचारायला आजवर एकही पदाधिकारी आलेला नाही. दोन जोड मोजे घालावेत आणि बुटांखाली पुठ्ठा ठेवावा, कारण थंडी आकाशातून कमी आणि फरशीतून जास्त येते.

नियम ४ : टोपी. या स्पर्धेत डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहण्याची एक शर्यत असते. तिच्यात लोक डोक्यावर चित्रविचित्र टोप्या चढवून उतरतात आणि उत्तम टोपीला बक्षीसही असतं. तीरस्थाने माकडटोपी घातल्यास एखाद्या आजीबाई ‘किती कल्पक!’ म्हणून पाठ थोपटतात. ती कल्पकतेपोटी घातलेली नाही, हे त्यांना सांगत बसू नये. आभार मानावेत.

नियम ५ : ओरडावं. तिला ऐकू जात नाही. तरी ओरडावं. आपलं अंग तेवढंच गरम राहतं.

नियम ६ : फोटो की टॉवेल, एक निवडावं. संसार टिकवायचा असेल तर टॉवेल.

नियम ७ : खरी परीक्षा. ती शिडी चढून येते तेव्हा लालबुंद, हसरी आणि भलतीच बोलकी असते. फसू नये. अंगाच्या कडेचा गारवा आत शिरत असतो आणि बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही मिनिटं खाली जात राहतं. हुडहुडी खरी भरते ती दहाएक मिनिटांनी, गप्पा रंगलेल्या असताना. तेवढ्या वेळात ओला पोशाख उतरवून कोरडे कपडे अंगावर चढले पाहिजेत. मैत्रिणी अभिनंदनाला येतात, त्यांना नम्रपणे बाजूला सारावं.

कपड्यांची चळत उलटी लावावी, आधी लागणारं सर्वांत वर. आधी धड, मग पाय, मग कानटोपी. बटणं, हुक, नाड्या, घट्ट जीन्स हे सगळं बाद, कारण बोटं कामातून गेलेली असतात. तिची पांढरीफटक बोटं मोज्याच्या तोंडाशी नुसतीच चाचपडतात आणि ती तो मोजा दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा बघत राहते. अशा वेळी गुडघ्यावर बसून मोजा चढवून द्यावा. आसपासचे सगळे नवरे, बायका, मुलगे हेच करत असतात. कोणी कोणाकडे पाहत नाही.

चहा गोड आणि कोमट हवा, अर्धाच कप भरावा. पूर्ण भरला तर अर्धा आपल्याच बाहीवर सांडतो. लगेच कढत पाण्याखाली उभं राहू देऊ नये, घेरी येते. ब्रँडीवाल्या काकांना हसून नकार द्यावा. दात वाजत असतील तर काळजी नको. पण अंग गार असतानाच थरथर थांबली, जीभ जडावली, उत्तरं भलतीच यायला लागली, तर विनोद बंद करून प्रथमोपचारवाल्यांना हाक मारावी. आमच्याकडे चाचणी सोपी आहे. ‘गॅस बंद केला होतास ना?’ असं दरडावून विचारलं गेलं की रुग्ण शुद्धीवर आहे.

नियम ८ : प्रगत अभ्यासक्रम. ज्यांना नाताळच्या सकाळी अंथरूण नकोसं होतं, त्यांनी हाइड पार्कातल्या सर्पेंटाइन तलावावर जावं. तिथे १८६४ पासून नाताळला १०० यार्डांची शर्यत होते. १९०४ मध्ये तिचा चषक ‘पीटर पॅन’कार जे. एम. बॅरी यांनी दिला. कधीच मोठं न होणाऱ्या मुलाची गोष्ट लिहिणाऱ्याने या मंडळींना चषक द्यावा, यात मला काही नवल वाटत नाही. भाग फक्त क्लबच्या सभासदांनाच घेता येतो, बघायला मात्र सगळ्यांना मुभा आहे. हे हिला अजून सांगितलेलं नाही.

नियम ९ : दक्षिणा. टूटिंगात दक्षिण भारतीय खानावळी पुष्कळ. मसाला डोसा तीरस्थाचा हक्काचा आहे. बिल जलस्थाने द्यावं. पाकीट कोणत्या कोटाच्या खिशात आहे, हे तिला त्या दिवशी आठवत नाही, हा भाग निराळा.

नियम १० : दूरध्वनी. रात्री सासूबाईंचा फोन येतो. नंबर कितवा आला, हे त्या विचारत नाहीत. ‘केस नीट पुसले का तिने?’ एवढंच विचारतात. उत्तर खरं द्यावं : नाही, मी पुसले.