कोजागरीला नेवला आला

अहो, ऐकलंत का? तुम्ही त्या रात्री परतूरला माहेरी होतात, म्हणजे तुम्हाला काहीच ठाऊक नसणार. जरा अशा इकडे या, कुंपणाजवळ. सरांच्या खिडकीतून सगळं ऐकू जातं.

तर दरवर्षी कोजागरीला आपल्या कॉलनीचं ठरलेलं. अंताक्षरी, हाऊजी, मसाला दूध, आणि साडेअकराला जांभया. यंदा पोरांनी हट्ट धरला, पिक्चर लावायचा. कोणता? तर 'बंद दरवाजा'! रामसेंचा हो, 1990चा. रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा. क्लासवाल्यांकडून प्रोजेक्टर आणला, मोकळ्या प्लॉटवर दोन डबलबेडच्या चादरी जोडून पडदा केला. एका चादरीवर कडेनं कमळं होती, ते एक सोडा.

सर मीटिंगमध्येच उसळले. म्हणाले, "आज लक्ष्मी घरोघरी 'कोण जागं आहे' विचारत फिरते, आणि तुम्ही तिला भुतं दाखवणार? काही संस्कार?" चेहरा असा केला, जणू पेपरात कॉपी पकडली. पोरं गप्प. तेवढ्यात सरांच्याच बाई म्हणाल्या, "बघू द्या हो, वर्षातून एकदा." सरांनी मफलर गुंडाळला, म्हणाले, "मी मागे बसेन. लक्ष ठेवायला." हे 'लक्ष ठेवायला' नीट ध्यानात ठेवा हं.

आधी त्या कोपऱ्यावरच्या वहिनींच्या भाच्यानं भाषण ठोकलं. पुण्याला शिकतो, कसल्याशा फिल्म क्लबात जातो. म्हणे असलाच पिक्चर 1922मध्ये जर्मनीत निघाला, 'नोस्फेरातू', मुका. मला वाटलं, आता झोप येणार. पण अहो, त्यात काय भानगड निघाली! गोष्ट सगळी ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतली, 1897ची. नुसती नावं बदलली आणि परवानगी कुणाची घेतली नाही. स्टोकर जाऊन तेव्हा दहा वर्षं झालेली. यांना वाटलं, विधवा बाई काय करणार? फ्लॉरेन्सबाईंनी सरळ कोर्टात खेचलं! कंपनीनं दिवाळं वाजवलं, म्हणजे बाईंच्या हाती पैसा काही लागला नाही. मग बाई म्हणाल्या, पैसे नाहीत तर पिक्चरच जाळा. 1925मध्ये कोर्टानं हुकूम काढला, सगळ्या प्रती नष्ट करा. तरी थोड्या कुठेकुठे लपून राहिल्याच, म्हणून आज बघायला मिळतो. यावर पुढच्या खुर्चीतल्या आजी काय म्हणाल्या? "खमकी होती बाई. आमच्या जावेनं असंच जमिनीपायी केलं." झालं, पाच मिनिटं जमिनीचाच विषय.

तर काय सांगत होते... हां, रामसे. मला ते घरच आवडलं बाई. वडलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबईला आले. सात मुलगे, सातही पिक्चरच्या धंद्यात! 1970मध्ये एक पिक्चर काढला तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, तेवढा सीन बघायला लोक यायचे. मुलं म्हणाली, बाबा, मग अख्खा पिक्चर असलाच काढू या. 'दो गज जमीन के नीचे' करायला सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला, आणि युनिटचा स्वयंपाक घरच्या बायका करायच्या म्हणे. म्हणजे बघा, नाव भावांचं, घाबरवायचं काम भुताचं, आणि पोळ्या लाटायला कोण? पडद्यावर ते कुठं लिहिलेलं असतंय का!

असो. पिक्चर सुरू झाला. ठाकूर म्हणजे आपले विजयेंद्र घाटगे, 'चितचोर'मधले. सगळ्या बायकांनी 'अय्या' केलं. घरात मूल नाही. दुसऱ्या लग्नाची बोलणी कानावर आली तशी ठाकुरीण घाबरली. मग घरातली मोलकरीण, ती अरुणा इराणी, तिला काळ्या पहाडीवर नेवल्याकडे, म्हणजे त्या पिशाच्चाकडे, घेऊन जाते. नेवल्याची अट काय, तर मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी.

अहो, इथपर्यंत पोरं खिदळत होती. या वाक्याला बायकांच्या बाजूला एकदम शांत. आणि आजी मोठ्यांदा म्हणाल्या, "ह्यात भूत कुठंय गं? आमच्याकडं तर सासूच अशी म्हणायची." मी हळूच मान वळवून बघितलं. तुम्हाला माहीतच आहे मी कुणाकडे बघितलं ते. दर हळदीकुंकवाला सुनेला 'आता दुसरा मुलगाच होऊ दे' म्हणणाऱ्या. चेहरा खर्रकन उतरला! पेला तोंडाला लावला तो खाली येईचना. सून मात्र पडद्याकडे बघत होती, अगदी रस घेऊन. चारोळ्या खात.

मग नेवला आला. खरं सांगू? भीती नाही वाटली. तेव्हा म्हणे थेटरात लोक किंचाळायचे. आता आपलं पाचवीतलं पोरगं म्हणतं, "आई, त्याचे दात नीट बसले नाहीत." तरी तो माणूस उभा राहिला की पडदा भरून जातो हं. अनिरुद्ध अग्रवाल. भाचा म्हणाला, हा शिकलेला इंजिनिअर आहे, रुडकीचा! पुढे 'बँडिट क्वीन'मध्येही होता. म्हणजे बघा, इंजिनिअर मुलगा, उंचापुरा, निर्व्यसनी असेल नसेल, आणि काम काय, तर शवपेटीतून उठायचं. आजी म्हणाल्या, "आईबापाला काय वाटलं असंल."

आता जवळ या. खरी गोष्ट पुढेच आहे.

पिक्चर रंगात आलेला. कुमार कुणाचा, काम्या कुणाची, सगळ्यांचा गोंधळ. आणि अंधारातून सरांचा आवाज, "अरे, आता गाणं लागेल, ते पुढं ढकल. लहान मुलं बसली आहेत."

पोरानं पुढं ढकललं. दोन मिनिटं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग आपल्या बँकवाल्या वहिनी, त्यांना काही म्हणजे काही राहवत नाही, त्या म्हणाल्या, "सर, गाणं लागायच्या आधी तुम्हाला कसं कळालं?"

शांतता. पडद्यावर वटवाघूळ फडफडतंय आणि इथं कुणी हलत नाही.

सर म्हणाले, "अंदाज. असल्या पिक्चरांत असतंच." बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण मास्तर माणूस, माहिती दिल्याशिवाय कसा राहील! म्हणाले, "शिवाय नेवला एकदा मेला तरी परत उठतो, ते अजून यायचंय."

बाईंनी खुर्ची वळवली. पडद्याकडे पाठ, सरांकडे तोंड. "1990 ना हो पिक्चर? त्याच साली तुम्ही पेपर तपासायला औरंगाबादला जायचात. आणि रात्री बारा वाजता यायचात. छोट्या लाईनची गाडी लेट झाली म्हणून." सर मफलर सोडतायत, परत बांधतायत. "गाडी खरंच लेट असायची," एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "मी भाजी गरम करून वाट बघायची. आणि तुम्ही थेटरात? एकटेच जायचात, का जोडीला कोणी होतं?"

सरांनी मान वर केली आणि आमच्या यांच्याकडे बघितलं.

आमचे हे! तीस-पस्तीस वर्षं मला सांगतात, मला पिक्चरची आवडच नाही. दुधाचा पेला हातात तसाच, नजर एकदम चंद्रावर. मी म्हटलं, "काय हो?" आणि तेवढ्यात, देवच धावून आला म्हणा ना, मागच्या गल्लीतून आरोळी आली, "नळ आलाऽऽ!"

अहो, कसला नेवला आणि कसलं काय! जायकवाडीचं पाणी, ते पण रात्री, ते पण भरवसा नसलेलं. दोन मिनिटांत प्लॉट रिकामा. सगळ्यात आधी कोण उठलं असेल? आमचे हे. एरवी मोटार लावा म्हणून दहादा सांगावं लागतं, त्या रात्री पाईप स्वतः जोडला, टाकी भरली, ड्रम भरले, रांजणही विसळून भरला. दोन वाजेपर्यंत घरात पाऊल नाही. मी दारातच उभी होते. विचारलं तर म्हणतात, "दोनदाच गेलो होतो. तिकीट त्यानंच काढलं." त्यानंच! आता त्या मास्तरांनी आपल्या पगारातून काढलं का यांच्या, ते बाई शोधून काढणारच आहेत. मला म्हणाल्या तसं.

पिक्चर अर्धाच राहिलाय, म्हणून पोरं येत्या शनिवारी उरलेला लावणार आहेत, जोडीला 'पुराना मंदिर'पण. तो 1984चा. त्यात आपले सदाशिव अमरापूरकर आहेत. बाईंनी तारीख विचारून घेतली आणि कॅलेंडरवर गोल केला. सरांना म्हणाल्या, "1984 साली कुठली परीक्षा होती, आठवून ठेवा." तुम्ही याच. खुर्च्या कमी पडतात, सतरंजी आपली आपण आणा. आणि सरांच्या शेजारची जागा धरू नका हं, तिथं बाई बसणार आहेत.