अकरावं घड्याळ कसं घ्यावं

पहिलं घड्याळ घ्यायला मार्गदर्शन लागत नाही. ते मुंजीत मामा देतो, दहावीला बाबा देतात, नाहीतर लग्नात सासरे देतात. आणि तिघांचीही अपेक्षा एवढीच असते, की आता तरी पोरानं वेळेवर यावं. हा लेख अशा सरळमार्गी लोकांसाठी नाही. ज्याच्या कपाटात दहा घड्याळं आहेत, त्यातली नऊ बंद आहेत, दहावं सव्वा मिनिट पुढे आहे आणि तरीही ज्याला रात्री दीड वाजता अकराव्याच्या विचारानं झोप येत नाही, त्या गृहस्थासाठी आहे. (दीड वाजलाय हे त्याला मोबाइलवर कळतं.)

आधी वेळेचा विषय उरकून घेऊ, पुढे त्याचा संबंध येणार नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीनं टोकियोत ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं, आणि अचूकतेच्या बाबतीत आपला खटला तिथेच निकाली निघाला. आजच्या साध्या बॅटरीच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आपलं चावीचं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, फार उंची असेल तर आठ किंवा दहा. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासूनचं प्लॅस्टिकचं घड्याळ महिन्याकाठी फार तर तीस सेकंदांनी चुकतं. उलट स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था यंत्राला पंधरा दिवस उभं, आडवं, थंडीत, उकाड्यात ठेवून मग ‘क्रोनोमीटर’ असं प्रमाणपत्र देते, आणि त्यासाठी रोज सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. म्हणजे महिन्यात तीन मिनिटं पुढे पळणारं घड्याळही कागदोपत्री सज्जनच.

हे कुणी तोंडावर सांगितलं तर वाद घालू नये. मनगट उजेडाकडे वळवावं, सेकंदकाट्याकडे बोट दाखवावं आणि म्हणावं, “बघा, चाल बघा.” बॅटरीचा काटा एनसीसीतल्या पोरासारखा डावा-उजवा करत जातो, आपला दिंडीतल्या वारकऱ्यासारखा झुलत जातो. दिंडी पंढरपूरला किती वाजता पोचली हे कुणी विचारत नाही.

आता मुख्य विषय : गरज. अकरावं घड्याळ गरजेशिवाय घेता येत नाही, म्हणून गरज आधी घडवावी लागते.

नवशिक्यानं पाणबुड्याच्या घड्याळापासून सुरुवात करावी. ते दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं. तुम्हाला पोहता येत नसलं तरी हरकत नाही, मलाही येत नाही. माझ्या घड्याळानं आजवर गाठलेली सर्वांत मोठी खोली बादलीची आहे. त्याच्या काचेभोवती एक फिरतं कडं असतं, पाण्याखाली किती मिनिटं झाली ते मोजायला. हे कडं एकाच दिशेनं फिरतं. धक्का लागून सरकलंच तर झालेली मिनिटं जास्त दिसतात, कमी कधीच नाही, त्यामुळे पाणबुड्या वेळेआधी वर येतो आणि जीव वाचतो. हीच सोय कुकरला लावून पाहावी. कडं सरकलं तर गॅस लवकर बंद होईल. भात कच्चा राहील, पण करपणार नाही. घरात हे एकदा समजावून सांगितलं, की घड्याळ स्वयंपाकघराच्या खर्चात बसवता येतं.

दुसरी पायरी क्रोनोग्राफ. याच्या कडेला टॅकीमीटर नावाची आकड्यांची पट्टी असते. एक किलोमीटर सुरू होताना बटण दाबायचं, संपताना पुन्हा दाबायचं, काटा जिथे थांबेल तो ताशी वेग. मी हे यंत्र मोठ्या उमेदीनं पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वापरून पाहिलं. तेव्हा ध्यानात आलं की पट्टी साधारणपणे ५०० वर सुरू होऊन ६० वर संपते. ताशी साठच्या खाली वाहन चालत असेल अशी शंकाच तिकडच्या लोकांना आलेली नाही. माझा काटा त्या किलोमीटरमध्ये अकरा फेऱ्या मारून आला. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, “साहेब, मीटर मी लावलाय, तुम्ही काय लावलंय?”

तिसरी पायरी दोन देशांच्या वेळा दाखवणारं जीएमटी घड्याळ. याची गरज आपोआप तयार असते, कारण प्रत्येक मराठी घरातलं कुणीतरी न्यू जर्सीत असतं. अडचण एवढीच, की हा जादा काटा तासातासानं उडी मारतो आणि आपण जगापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहोत. न्यू जर्सीचे सकाळचे आठ तो साडेसात किंवा साडेआठ दाखवतो. मधला अर्धा तास मनातल्या मनात धरायचा. (तरी आपलं बरं आहे. मुंबईची स्वतःची वेळ होती तेव्हा ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायची, आणि हा हट्ट तिनं १९५५ पर्यंत चालवला. त्या ३९ मिनिटांचा काटा कुणी काढला, तर माझं अकरावं तेच.)

चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळाबद्दल मात्र स्पष्टच सांगतो : घरात संकष्टी करणारं माणूस असेल तर घेऊ नये. तबकडीवरच्या खिडकीत निळ्या आकाशात सोनेरी चंद्र सरकतो, दिसतं फारच देखणं. आतल्या चाकाला ५९ दाते असतात, दोन चांद्रमास प्रत्येकी साडेएकोणतीस दिवसांचे. खरा चांद्रमास त्याहून पाऊण तासाच्या आसपास मोठा, म्हणून अडीच-पावणेतीन वर्षांत चंद्र एक दिवस चुकतो. हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, मग आज चंद्रोदय कितीला?” ते या घड्याळात कळत नाही. ती उठली आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघून आली. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय, त्याला सर्व्हिसिंग लागत नाही आणि मागच्या पानावर पाककृती असतात.

घड्याळ घरात आणण्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. “जुनंच आहे, पट्टा बदललाय,” या एका वाक्यावर आजवर अनेक संसार टिकले आहेत. एक पथ्य तेवढं पाळावं : रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नये. तेव्हा तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात, ओढाताण झाली तर तुटतात. चोरून आणलेलं घड्याळ माणूस नेमका याच वेळात पेटीतून काढतो.

शिवाय ऑटोमॅटिक घड्याळ हातात नसलं की दीड-दोन दिवसांत थांबतं. दहा घड्याळं आणि एक मनगट असा हिशेब असल्यानं बाकीच्यांसाठी विजेवर फिरणारी डबी मिळते. बॅटरी लागत नाही म्हणून घेतलेलं घड्याळ त्या डबीत ठेवून तिची वायर प्लगमध्ये खुपसायची. हे करताना पाहुणे नसावेत.

आता जरा नाजूक भाग : एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, सोना, कांचन अशी नावं घराघरात होती. पुढे बॅटरीची घड्याळं आली तेव्हा आपणच ही काढून टेबलाच्या खणात टाकली, आणि २०१६ मध्ये सरकारनं घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं तेव्हा सर्वांत मोठ्यानं आपणच हळहळलो. तेव्हापासून खणातलं प्रत्येक एचएमटी ‘दुर्मिळ’ आहे.

ते विकत घेताना एक संज्ञा पाठ असावी : मुंबई स्पेशल. परदेशातले घड्याळवेडे मुंबईचं नाव घेतात ते समुद्रासाठी किंवा सिनेमासाठी नव्हे, तर जुन्या यंत्रावर नवी तबकडी रंगवून, कुणाचे तरी काटे लावून, पॉलिश मारून विकलेल्या घड्याळासाठी. ओळखायचं कसं? रंग बघावा. कारखान्यानं स्वप्नातही पाहिला नसेल असा मोरपंखी, भगवा किंवा रामा ग्रीन असेल तर तिथेच थांबावं. मग अक्षरं बघावीत. मूळ छपाई बारीक आणि कोरीव असते, ही ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके’ लिहिणाऱ्यानं लिहिल्यासारखी दिसते. मिनिटांच्या रेघांपर्यंत काटा पोचतो का ते बघावं. शेवटी मागचं झाकण उघडायला सांगावं. “साहेब, विश्वास नाही का?” असं उत्तर आलं तर विश्वास ठेवू नये.

एवढं ज्ञान मला असूनही माझ्या दहापैकी पाच घड्याळं एचएमटी जनता आहेत आणि पाचही मुंबई स्पेशल आहेत. याचा खुलासा करणं भाग आहे.

बाबांची एक जनता होती. पांढरी तबकडी, त्यावर देवनागरीत ‘जनता’, सतरा जुवेल्स, एकूण एक घड्याळ. रोज सकाळी सात पाचला पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागल्या, की ते उभ्यानं चावी द्यायचे. बातम्यांतलं पहिलं वाक्य संपेपर्यंत चावी भरलेली असायची. एकतीस वर्षांत त्यांनी दुसरं घड्याळ घेतलं नाही. कडं, काटा, चंद्र यांपैकी त्यांना कशाचीच गरज कधी पडली नाही, आणि ऑफिसला ते कधी उशिरा गेले नाहीत. ते गेल्यानंतर मी ती सर्व्हिसिंगला दिली. तेव्हा मला हा छंद नव्हता. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून म्हणाला, “तबकडीवर डाग पडलेत, नवी करून देऊ?” मला वाटलं, चांगलंच आहे. आठवड्यानं गेलो तर यंत्र ठणठणीत चालत होतं आणि तबकडी हिरवीगार होती. जुनी कुठेय विचारलं, तर म्हणाला, “हीच ती. खरवडून त्याच्यावरच रंगवलंय.”

आईनं घड्याळ हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “ह्यांचं पांढरं होतं ना रे?” एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी तबकडीसाठी जनता विकत घेतो आहे. पहिली निळी निघाली, दुसरी भगवी, तिसऱ्या तबकडीवर ‘जनता’तला ‘त’ उलटा होता. चौथी पांढरी होती, पण तिच्यावर शिवरायांचं चित्र होतं. ती मी काढून ठेवली आहे, टाकवत नाही. बाकीची पाच घड्याळं या शोधाच्या काळात वाट बघता बघता घेतली गेली.

तरी वाचकांपैकी कुणाच्या खणात एचएमटी जनताची मूळ पांढरी तबकडी, देवनागरी अक्षरांची, पडून असेल तर संपादकांकडे कळवावं. सोबत घड्याळ नसलं तरी चालेल, काटे नसले तरी चालतील. पुसू नये, पॉलिश करू नये. डाग असल्यास प्राधान्य.