सिस्टीम घेत नाही

हॉस्पिटलात काही चुकलं तर जाब विचारायची सोय आपल्याकडे आहे. डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे खेचता येतं, परिचारिकांसाठी नर्सिंग कौन्सिल आहे, औषधं देणाऱ्यांसाठी फार्मसी कौन्सिल आहे. नोंदणी रद्द झाली की दुकान बंद. या सगळ्यातून एकच गृहस्थ सहीसलामत सुटले आहेत, ते म्हणजे मॅनेजर. त्यांना शपथ नाही, नोंदणी नाही, कौन्सिल नाही. पेशंटला आत घ्यायचं का, किती भरल्यावर घ्यायचं आणि किती भरल्यावर सोडायचं, एवढेच काय ते किरकोळ निर्णय त्यांच्याकडे असतात. त्यामुळे सरकारला गरज वाटली नसावी.

मॅनेजरसाहेबांना नीतिमत्तेचं वावडं आहे, असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर ‘करुणा’, ‘सचोटी’ आणि ‘पारदर्शकता’ पितळी अक्षरांत चमकत असतात. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही असतं, कारण राज्याच्या 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनी ते दर्शनी जागी लावायला सांगितलंय. एका ठिकाणी मला ते लिफ्टशेजारी, रबराच्या झाडाच्या कुंडीमागे सापडलं. वाचायला पानं बाजूला केली तर सिक्युरिटीवाला म्हणाला, “काका, झाडाला हात लावू नका.”

खरी नीतिमत्ता बघायची तर रात्री साडेअकराला बिलिंग काउंटरवर जावं. काचेपलीकडे चोविशीतला एक पोरगा असतो. त्याचा पगार आतल्या एका दिवसाच्या आयसीयू बिलाएवढाही नसतो. त्याच्यासमोर कुणीतरी मंगळसूत्राचा, सोसायटीच्या कर्जाचा, सकाळी येणाऱ्या मेव्हण्याचा हवाला देत असतं. पोरगा कीबोर्डावर दोनदा बोटं आपटतो आणि म्हणतो, “दादा, डिपॉझिट पडल्याशिवाय सिस्टीम घेत नाही.” सिस्टीमला भेटता येईल का विचारलं तर म्हणतो, “वरून ऑर्डर आहे.” वर गेलं की फायनान्सवाले बोर्डाकडे बोट दाखवतात, बोर्ड ट्रस्टींकडे, आणि ट्रस्टी सांगतात की आम्ही रोजच्या कारभारात लक्ष घालत नाही, काउंटरवर विचारा. तुम्ही पुन्हा खाली येता. तोवर पोराची ड्युटी बदललेली असते.

धर्मादाय रुग्णालयांत तर हा खेळ आणखी रंगतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41 अअ आणि 2006 पासूनची उच्च न्यायालयाची योजना सांगते की दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत. तातडीच्या रुग्णाला तर अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं. इतकं स्पष्ट लिहिल्यावर मॅनेजरची कसोटी लागते. तो नाही म्हणत नाही. तो म्हणतो, “एमएसडब्ल्यू मॅडमना भेटा.” मॅडम म्हणजे रुग्णालयाच्या समाजसेविका, त्या सकाळी दहाला येतात. त्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात. तहसीलदारही सकाळी दहालाच येतात, आणि ते दुसऱ्या तालुक्यात असतात. दाखला येईपर्यंत राखीव खाट भरलेली असते किंवा पेशंटला तिची गरज उरलेली नसते.

2025 मध्ये पुण्यातल्या एका बड्या धर्मादाय रुग्णालयात एका गर्भवतीच्या घरच्यांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. पुढे दुसरीकडे जुळ्यांना जन्म देऊन ती बाई दगावली. कागदावर चौकोन करून दहा लाख कसे लिहिले गेले, याचा खुलासा करताना रुग्णालयाच्या डॉक्टरांना पत्रकार परिषदेत ‘डोक्यात आलेल्या’ राहू-केतूंना पुढे करावं लागलं. नवग्रहांपैकी दोघे रुग्णालयाच्या व्यवस्थापनात आहेत, हे महाराष्ट्राला तेव्हा कळलं. याच प्रकरणात, यापुढे इमर्जन्सीत अनामत घेणार नाही, असं रुग्णालयाने जाहीर केलं. जे 2006 पासून योजनेतच लिहिलेलं आहे, ते 2025 मध्ये नवं धोरण म्हणून वाचून दाखवण्यात आलं.

सरकारी दवाखान्यात अनामत नसते, पण तिथेही ‘वर’ असतंच. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागून दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, त्यासाठीचा निधी, यांतलं काहीही मंजूर करायचा अधिकार वॉर्डातल्या सिस्टरकडे नसतो.

राहिला पैसा. शेअर बाजारात नोंदलेल्या हॉस्पिटल कंपन्या दर तिमाहीला एक आकडा अभिमानाने सांगतात: एका भरलेल्या खाटेमागे रोज किती कमाई झाली. त्यांच्या इंग्रजीत त्याला ‘आरपॉब’ म्हणतात. बरा होऊन किती जण घरी गेले, याचा आकडा मात्र इतक्या नेमाने ऐकायला मिळत नाही. मॅनेजरचं प्रमोशन कोणत्या आकड्यावर अडतं ते सांगायला नको. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तूंवरचा नफा काही ठिकाणी 1,737 टक्क्यांपर्यंत गेलेला दिसला. गावाकडचा सावकार हे वाचून संन्यास घेईल. त्याआधी वर्षभर, 2017 मध्ये, औषध लावलेल्या स्टेंटच्या किमतीवर 29,600 रुपयांची मर्यादा आली होती. स्टेंट स्वस्त झाला. एकूण पॅकेज किती स्वस्त झालं, ते ज्यांची अँजिओप्लास्टी झाली त्यांना विचारा.

चांगले मॅनेजर असतात. मध्यरात्री स्वतःच्या जबाबदारीवर “घ्या आत, सकाळी बघू” म्हणणारे मी पाहिले आहेत. फक्त तसं म्हणायला त्यांना सही करावी लागते, आणि नाही म्हणायला सही लागत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

तेव्हा वाचकहो, वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर काउंटरवरच्या पोरावर ओरडू नका. शांतपणे कोरा कागद पुढे सरकवा. इमर्जन्सीचा पेशंट नाकारत असाल तर तसं लिहून द्या, वेळ टाका आणि खाली नकार देणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही घ्या, असं सांगा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायलाही 2021 च्या नियमांनी बंदी आहे. तिथेही हाच कागद मागा, आणि तो हातात पडेपर्यंत काउंटरवरून हलू नका.