कुजबुजीची भाषा

शिकागोच्या उपनगरांत गणेश चतुर्थी बहुधा शनिवारी येते. पंचांगात ती कुठल्याही वारी असो, मंडळाला हॉल शनिवारीच मिळतो, ढोलवाल्यांना सुट्टी शनिवारीच असते आणि बाप्पा मुळातच समजूतदार. घरचा गणपती खऱ्या चतुर्थीलाच बसतो, पण त्याची प्राणप्रतिष्ठा ऑफिसच्या पहिल्या मीटिंगच्या आधी उरकावी लागते आणि आरतीतलं शेवटचं कडवं कुणीतरी लॅपटॉप उघडता उघडता म्हणत असतं. मंडळाची दिवाळी फराळ शिळा झाल्यावर होते. तिळगूळ जानेवारी संपता संपता वाटला जातो. कोजागिरीला चंद्र एका बाजूनं जरा दबलेला असतो, पण मसाला दुधाला त्याचं काही वाटत नाही.

इथं वाढलेल्या मुलांना यात काही वावगं दिसत नाही. आमच्या धाकट्यानं एकदा सांगलीच्या आजीला फोनवर विचारलं, "आजी, तुमच्याकडे बुधवारी गणपती कसा काय येतो? शाळा नसते?"

"अरे, बाप्पा येतो म्हणून तर शाळा नसते!" आजी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ आमच्याकडे संशयानं बघत होता. आई-बाबा नेमकं काय सोडून इथं आले, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं असावं.

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय असतं. भारतातून येणारा प्रत्येक जण एकेक घेऊन येतो, त्यामुळे काही वर्षी भिंतींपेक्षा कालनिर्णयच जास्त होतात. त्यातल्या पाककृती इथं चालतात, वेळा चालत नाहीत. तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते, पण दिवस कोणता धरायचा हे आपापल्या गावच्या सूर्योदयावर ठरतं. आणि आमचं घड्याळ पुण्याच्या मागे, उन्हाळ्यात साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे एखादी एकादशी पुण्याआधी एक दिवस आमच्याकडे येऊन बसते. संकष्टीचं तर विचारूच नका. जूनमध्ये इथं सूर्यच साडेआठला मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो.

सासूबाई एका उन्हाळ्यात मुक्कामाला होत्या. संकष्टी सोडायची नाही आणि चंद्र बघितल्याशिवाय जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. रात्री अकरा वाजून गेले तरी त्या नऊवारीत खिडकीशी बसलेल्या, मोदक झाकून ठेवलेले आणि सोबतीला आमची थोरली. तिनं मोबाइलवर चंद्रोदयाची वेळ शोधली, होकायंत्र लावून दिशा काढली आणि आजीला सांगितलं, "उगवलाय, पण समोरच्यांच्या मेपलमागे आहे." मग आजी-नात हातात ताम्हन, फुलं आणि अक्षता घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कुत्र्याला फिरवायला निघालेले शेजारी थांबले, त्यांनीही मान वर करून बघितलं आणि चंद्र चांगला आहे असं प्रमाणपत्र देऊन पुढे गेले. त्यानंतर थोरली आजीला दर महिन्याला फोन करून चंद्रोदयाची वेळ सांगते. आजी आता सांगलीत आहेत, त्यांना शिकागोच्या चंद्राचा काडीचा उपयोग नाही; पण त्या ती वेळ ऐकून घेतात आणि वर "मेपल अजून आहे का?" असंही विचारतात.

ही संकष्टी तिला रविवारच्या शाळेत कुणी शिकवली नव्हती.

रविवारच्या शाळेबद्दल मात्र मी कुणाला वाकडं बोलू देणार नाही. अमेरिका-कॅनडातल्या महाराष्ट्र मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं आणि त्याच्या छत्राखाली गावोगाव मराठी शाळा चालतात. त्यांना पुस्तकं आहेत, इयत्ता आहेत, परीक्षा आहेत. शिकवणारे आठवडाभर संगणकात नाहीतर औषधांच्या दुकानात असतात आणि रविवारी सकाळी, पगाराशिवाय, भाड्याच्या वर्गात फळ्यावर बाराखडी काढतात. बाहेर बर्फ पडत असतो, पालकांच्या गाड्या चालू ठेवलेल्या असतात आणि आत 'छत्रीचा छ' चाललेला असतो. एवढ्या थंडीत पांघरुणाबाहेर पडून दुसऱ्यांच्या मुलांना अनुस्वार शिकवणाऱ्या माणसांना मी मनापासून मानते.

पण आम्ही पालक! मराठी माणसाच्या हातात संस्कृती दिली, की तो आधी तिची परीक्षा काढतो. मग तिचे मार्क. मग शेजारच्यांच्या मुलीला किती पडले याची चौकशी. शनिवारी तबला, रविवारी सकाळी मराठी, दुपारी भरतनाट्यम. मुलं बिचारी आठवड्याचे पाच दिवस अमेरिकन असतात आणि उरलेले दोन दिवस भारतीय होण्याचा ओव्हरटाइम करतात. अशा एका रविवारी 'माझी आई' या विषयावर धाकट्यानं पाच ओळी लिहिल्या. त्यातल्या तीन ओळींत आई ओरडते, एका ओळीत आई फोनवर बोलते आणि शेवटची ओळ होती, 'माझी आई मला मराठी शाळेत सोडते आणि कॉफी प्यायला जाते.' बाईंनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि मला बघून हसल्या.

घरातल्या मराठीचं व्याकरण आणखी वेगळंच असतं. धाकटा माझ्या तोंडून मराठी शिकला, म्हणून तो बरीच वर्षं "मी जेवते", "मी आले हं" असं म्हणायचा. सांगलीहून आलेल्या त्याच्या मामानं डोक्याला हात लावला होता. थोरलीला बाबा मराठीत फक्त रागावताना ऐकू यायचे, म्हणून ती एरवी छान स्त्रीलिंगात बोलायची आणि बाहुल्यांना दटावायची वेळ आली की एकदम आवाज जाड करून, "किती वेळा सांगितलं? आता मी उठलो ना, तर बघ!"

तिथं माझ्या लक्षात यायला सुरुवात झाली, की मुलांशी आम्ही जे मुद्दाम मराठी बोलतो ते त्यांच्या एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून निघून जातं. "बाळा, हा कोणता रंग? ता... ता... तांबडा!" यातला तांबडा टिकला नाही. टिकलं ते आम्ही त्यांच्यापासून लपवायला जे बोललो ते. परदेशात नवरा-बायकोला मराठीचा पहिला उपयोग सापडतो तो हाच. चारचौघांत उभं राहून, चेहऱ्यावर हसू ठेवून, वाटेल ते बोलता येतं. "घेऊ नकोस, डेव्हनवर निम्म्या किमतीत मिळेल." "हे आता निघतील असं वाटत नाही, चहाचं विचारू नकोस." "केक फार गोड आहे, मी तुझ्या ताटात सरकवते." डेव्हन अ‍ॅव्हेन्यू म्हणजे शिकागोतला देशी किराण्याचा रस्ता. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 साली तिथंच निघालं आणि आमच्यासारख्यांची काटकसर तेव्हापासून त्या रस्त्यावर नांदते आहे.

मुलांना वाटतं, ही मोठ्यांची खासगी भाषा आहे. आणि मोठ्यांचं खासगी जे काही असेल ते मुलांना आलंच पाहिजे. त्यामुळे 'महाग', 'चिकट', 'आगाऊ', 'नंतर सांगते' आणि 'तुझ्या आईचं काय म्हणणं आहे' हे सगळं त्यांना कोणत्याही इयत्तेत न बसता येतं. परवा शाळेतल्या एका मैत्रिणीकडे आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. यजमानीणबाईंनी प्रेमानं पास्ता वाढला. धाकट्यानं पहिला घास खाल्ला, बहिणीकडे वळला आणि अत्यंत गोड चेहऱ्यानं म्हणाला, "ताई, मीठच नाही. पण गप खा." उच्चार शुद्ध, वाक्य बिनचूक, प्रसंगावधान वाखाणण्यासारखं. सांगलीतल्या आमच्या घराण्याची सगळी सभ्यता त्या दोन वाक्यांत उतरली होती. यजमानीणबाईंनी काय म्हणाला असं विचारलं, तर ताईनं इंग्रजीत सांगितलं, की त्याला आणखी हवाय. तो मिळालाही.

थोरलीचं मराठी सुधारलं ते सहावीत, तिच्या वर्गात नाशिककडची एक मुलगी आली तेव्हा. दोघी डब्याच्या वेळी एका टेबलाशी बसून सगळ्या वर्गाबद्दल मराठीत बोलायच्या. महिन्याभरात तिचा शब्दसंग्रह असा काही फोफावला, की रविवारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काय वाचून घेता हो?" मी म्हटलं, "काही नाही, चांगली संगत मिळाली."

मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी एखादे वक्ते येतात आणि पुढच्या पिढीत काही उरणार नाही असं बजावून जातात. समोर बसलेली पुढची पिढी तेव्हा वडापावच्या रांगेत असते. मला वक्त्यांच्या काळजीची थोडी गंमत वाटते, कारण आपण काही घर सोडलेले पहिले मराठी नव्हे. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं मजुरीसाठी मॉरिशसला गेली, उसाच्या मळ्यांत राबली. आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंच्या घरांत बहुतेक क्रिओल बोलली जाते, मराठी शिकायची तर ती शाळेत. पण गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. बाप्पाला शनिवारची वाट बघावी लागत नाही! कोकणातलेच बेने इस्राएल ज्यू तर त्याहून पुढचे. आडनाव पेणकर नाहीतर किहीमकर, देश इस्रायल, आणि नवस फेडायचा असला किंवा शुभकार्य असलं की मलिदा. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं. प्रेषित एलियाहूचं नाव घेऊन ते पुढ्यात मांडायचं. ज्यू धर्मविधीत कोकणातले पोहे कसे शिरले याची चौकशी करायला कुणी समिती नेमली नव्हती. ते शिरले आणि राहिले, कारण चांगले लागतात. तंजावरच्या मराठी घरांत सतराव्या शतकापासून मराठी बोललं जातंय, भोवती तमिळ गजबजलेलं असताना. ते मराठी पुण्याच्या कानाला चमत्कारिक लागतं म्हणे. लागू द्या. तंजावरनं कुठं पुण्याची परवानगी मागितली होती?

आणि आपण जे जसंच्या तसं जपायला निघालो आहोत, ते तरी कुठं जसंच्या तसं होतं? सार्वजनिक गणेशोत्सव 1890 च्या दशकातला. म्हणजे ज्या परंपरेत काडीचाही फरक नको म्हणून आम्ही मंडळाच्या ईमेलांवर रात्री बारापर्यंत भांडतो, ती मुळात कुणीतरी सोयीनुसार घराबाहेर काढली, तेव्हाच मोठी झाली.

आमच्या घरची मूर्ती पेणहून आलेली असते. शाडूची, गवतात आणि कागदात गुंडाळून, समुद्रमार्गे. विसर्जन अंगणात, बादलीत. नदी लांब आहे आणि तिथं मूर्ती सोडायला परवानगी नाही. बादली उथळ असल्यामुळे बाप्पा बुडत नाहीत, नुसते बसतात, सोंड पाण्याबाहेर ठेवून. धाकटा रात्री झोपेपर्यंत दर अर्ध्या तासानं बादलीत डोकावून बातमीपत्र द्यायचा: "मुकुट गेला." "पोट विरघळतंय." सकाळी उठल्या उठल्या पायजम्यात बाहेर धावला आणि ओरडला, "आई, अजून कान आहेत!" मग ती माती गुलाबाच्या झाडांना घातली. हे सगळं मराठीत झालं, कारण त्याला 'विरघळणे'ला दुसरा शब्द सुचला नाही आणि घाई होती. पाठ्यपुस्तकात हा धडा नाही. असता तर त्याखाली 'रिकाम्या जागा भरा' आलं असतं आणि त्यानं बादलीकडे ढुंकून बघितलं नसतं.

तेव्हा परदेशात मुलं वाढवणाऱ्या आई-बाबांना माझी विनंती आहे. रविवारची शाळा बुडवू नका. मंडळाची वर्गणी वेळेवर भरा आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला थांबा, नेहमी तीच चार माणसं थांबतात. पण घरात मुलांशी गोड इंग्रजी आणि एकमेकांशी तिखट मराठी, अशी वाटणी ठेवायचीच असेल, तर तिखट मराठी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात होऊ द्या. किमती मराठीत सांगा, भांडणं मराठीत करा, नातेवाइकांबद्दल जे काही बोलायचं असेल ते मनमोकळेपणानं मराठीतच बोला. नातेवाईक हजारो मैलांवर आहेत. फक्त व्हिडिओ कॉल नीट बंद झालाय ना, एवढं आधी बघून घ्या.