वाचकगणना

नागपूरला वाघांची राजधानी म्हणतात. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, कुठल्याही दिशेला गाडी काढा, दोन-तीन तासांत जंगल लागतं. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसायचं आणि पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायची, ही इकडची जुनी रीत. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची तपासणी होणार असं पत्र आलं आणि त्यात 'सरासरी दैनिक वाचकसंख्या' असा रकाना निघाला, तेव्हा सचिवांनी सुचवलेला उपाय अस्सल नागपुरी होता.

"वाघं मोजतात तसे वाचक मोजून टाकू," ते म्हणाले. "मे महिना आहे, पौर्णिमाही जवळ आली. अजून काय पाहिजे?"

मचाण म्हणून ग्रंथपालताईंच्या टेबलामागचं उंच स्टूल ठरलं. पाणवठा म्हणून माठ होताच. निरीक्षक म्हणून माझी एकमतानं निवड झाली, कारण बैठकीला मी उशिरा पोचलो होतो.

आमचं वाचनालय म्हणजे सीताबर्डीचं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय नव्हे, की ज्याचं नाव काढताच जुना नागपूरकर खुर्चीत सावरून बसावा. विदर्भ साहित्य संघासारखी 1923 सालापासूनची पुण्याईही आमच्या गाठीला नाही. समाजमंदिराला लागून दोन खोल्या, सात लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, एक कूलर आणि दारावर 'शांतता राखा' अशी पाटी. ती वाचून नवा माणूस हमखास मोठ्यानं विचारतो, "काऊन जी, कोणी गेलं का?"

सरकारदरबारी आम्ही 'ड' वर्गात मोडतो. महाराष्ट्रातली अकरा हजारांवर सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा इयत्तांमध्ये बसवलेली आहेत आणि आम्ही शेवटच्या बाकावर. त्यातच 2012 साली सरकारनं महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी केली होती. तेव्हा फक्त कागदावर नांदणारी ग्रंथालयं उघडी पडली आणि खरोखर चालणाऱ्यांनी कागदाचा धसका घेतला. तेव्हापासून आमचे सचिव पुस्तकाला वाळवी लागली तर हळहळतात, पण नोंदवहीला लागली तर डॉक्टरकडे जातात.

तर, गणना. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला मी मचाणावर चढलो. दार उघडायच्या आधीच पायरीवर अकरा काका हजर होते. वर्तमानपत्रं पाच. अकरा जणांत पाच पेपर कसे पुरवायचे, याचं गणित या मंडळींनी केव्हाच सोडवलंय. पेपर कोणी अख्खा घेत नाही, त्याचे वाटे घालतात. निधनवार्तेचं पान वयानं सगळ्यात मोठे असलेल्या काकांना मानानं मिळतं. ते आधी स्वतःचं नाव नाही ना, याची खात्री करतात आणि मग जाहीर वाचन सुरू होतं.

"हे पाहा, गेलं हे. हिस्लॉप कॉलेजला आमच्या मागं होतं."

"मागं होतं अन् पुढं गेलं म्हणा की!"

शब्दकोडं पेन्सिलीनंच सोडवायचं, असा ताईंचा दंडक आहे, कारण एकजण सोडवतो, दुसरा खोडतो आणि तिसरा मूळ उत्तर परत आणतो. साडेआठच्या सुमारास कुणीतरी वेगळ्या विदर्भाचा विषय काढतं. 1956 पर्यंत नागपूर राजधानी होतं, इथून गाडी सुटते आणि नऊ वाजता, घरी पोह्यांची वेळ झाली की, राज्य स्थापन न होताच सभा संपते. या टेबलावर किती जणांची बायको गेल्यानंतरची पहिली सकाळ निभावून गेली, हे ताईंना ठाऊक आहे. तेवढ्यासाठी मात्र नोंदवहीत रकाना नाही.

मी वहीत अकरा आकडा टाकला. सचिवांनी तो खोडला. "पेपरवाले वाचकांत धरू नका. ते नुसते येणारे आहेत."

दहा वाजता दुसरा कळप आला. पाठीवर सॅक, हातात दोन लिटरची बाटली, बगलेत उशी. ही अभ्यासिकेतली मुलं. सकाळी शिरतात ती रात्री कुलूप लागेपर्यंत हलत नाहीत. प्रत्येकापुढे लक्ष्मीकांत यांचा राज्यघटनेवरचा जाडजूड ग्रंथ आणि भिंतीवर स्वतःच चिकटवलेली कागदी प्रतिज्ञा. वाचनालयात बसून दिवसाचे बारा तास वाचणारी ही मंडळी, पण वाचनालयाच्या एकाही पुस्तकाला यांचा हात लागलेला नाही. कपाटांचा उपयोग एकच. त्यांच्या मागं चार्जिंगचा पॉइंट आहे.

एकाला मी सहज विचारलं, "ग्रंथालयाविषयी काही येतं का तुला?"

त्यानं डोळे मिटले आणि तोफखाना सुरू झाला. "देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानचा, 1945. महाराष्ट्राचा 1967. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं रंगनाथन यांची, 1931. पहिलं सूत्र, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. रंगनाथन यांचा जन्मदिवस 12 ऑगस्ट, तोच राष्ट्रीय ग्रंथपाल दिन."

"शाब्बास! अन् आपल्याकडं कादंबऱ्यांचं कपाट कोणतं?"

त्यानं डोळे उघडले. "हा प्रश्न परीक्षेला येत नाही, काका."

सचिवांचा निवाडा तयारच होता. "स्वतःची पुस्तकं वाचतात. आपले वाचक कसे?"

दुपारी बारानंतर पाणवठ्यावर खरी गर्दी झाली. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की आमच्या कूलरच्या ओल्या ताट्यांना देवळाच्या गाभाऱ्याची कळा येते. घरोघर खाणं पोचवणारी पोरं हेल्मेट मांडीवर ठेवून दहा मिनिटं टेकतात. भाजीवाल्या आजी टोपली सावलीत ठेवून आत येतात आणि सांबाराच्या जुड्यांवर आमच्याच माठातलं पाणी शिंपडतात. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दचकू नये. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) एक शाळकरी मुलगी रोज येते. अनामत भरलेली नाही म्हणून पुस्तक घरी नेता येत नाही, तर कपाटाला टेकून उभ्यानंच फास्टर फेणे वाचते आणि निघताना पानाचा आकडा हाताच्या तळव्यावर लिहून नेते. दुसऱ्या दिवशी आली की आधी तळहात बघते. मी तिला पकडून दिल्याच्या आनंदात सचिवांकडे पाहिलं.

"सभासद आहे?"

"नाही."

"मग ती पाहुणी."

दिवसाअखेर माझ्या वहीत खाडाखोडीशिवाय काही उरलं नाही. वाघ दिसला नाही की वनखातं काय करतं? पाऊलखुणा शोधतं. तेव्हा मी ताईंकडून कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या.

आमच्या कपाटांतली रचना वर्धा रोडसारखी आहे. तिथं खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. इथं खाली चरित्रं, त्यावर आडवी प्रवासवर्णनं आणि सगळ्यात वर बाबुराव अर्नाळकर. तळातलं पुस्तक काढायचं तर वरची वाहतूक थांबवावी लागते. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी डकवलेली असते, तीच वाचकाची पाऊलखूण. एका जुन्या कादंबरीची चिठ्ठी उघडली. सभासद क्रमांक 114. जून 1988. पुन्हा 114, जून 1989. असं नऊ वर्षं, दर जूनमध्ये, तेच पुस्तक, तोच क्रमांक. पुढं कोरं.

"शाळेत बाई होत्या त्या," ताई म्हणाल्या. "शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा वाचून घ्यायच्या. मी तेव्हा नवीनच लागली होती इथं."

ताईंच्या टेबलावर फिरत्या पट्ट्यांचा तारखेचा शिक्का आहे. त्यातली सालाची पट्टी कधीच संपली. आता दिवस आणि महिना शिक्क्यानं उमटतो आणि साल त्या पेनानं घालतात. नवा शिक्का का घेत नाही, विचारलं तर त्यांनी हिशेब मांडला. 'ड' वर्गाला वर्षाचं अनुदान पूर्वी 30,000 होतं, साठ टक्के वाढ होऊन ते 48,000 झालं. त्यातला निम्मा वाटा पगारावर. म्हणजे वर्षाचे 24,000, महिन्याचे 2,000, दिवसाचे सहासष्ट रुपये आणि वर थोडी चिल्लर. नागपूरच्या भाषेत सांगायचं तर तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी. चहा ज्याचा त्यानं. तेही अनुदान हप्त्यांनी येतं, त्यामुळे पोहे आज आणि तर्री मार्चमध्ये, असाही प्रसंग येतो.

शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. आपण ग्रंथालयांवर प्रेम करतो आणि प्रेमात पैशाचा विषय काढणं बरं दिसत नाही.

प्रेमाचा दिवसही ठरलेला आहे. 15 ऑक्टोबर, डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी आम्ही फलक लावतो, मान्यवरांच्या हातात पुस्तक देतो, फोटो निघेपर्यंत ते उघडं धरायला सांगतो आणि नंतर मोजून परत कपाटात ठेवतो. मागं एका मान्यवरांनी ते उलटं धरलं होतं. फोटोत त्यांच्या चेहऱ्यावरची तल्लीनता पाहून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि गंमत पाहा, त्याच्या आदल्या तारखेला, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दरवर्षी दसऱ्याला लाखो माणसं तिथं येतात. रेल्वेनं, एसटीनं, ट्रकनं, पायी. आणि जाताना पुस्तकं नेतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना ताडपत्र्यांवर पुस्तकांचे ढीग लागलेले असतात. मी दरवर्षी जातो. एका वर्षी मराठवाड्यातून आलेल्या एक आजी पिशवीतली भाकरी एका बाजूला सारून पुस्तकांना जागा करत होत्या. विक्रेत्यानं विचारलं, "आजी, वाचता येते?" त्या म्हणाल्या, "नातीला येतं. ती वाचील, मी ऐकीन." त्यांनी नुसतं पुस्तक घेतलं नाही, विक्रेत्याकडून त्यातल्या पहिल्या पानावर काय आहे तेही वाचून घेतलं, माल तपासून घ्यावा तसं.

तिथं फीत कापायला कोणी नसतं, सेल्फीसाठी चौकट नसते. म्हणूनच बहुधा 'लोक वाचत नाहीत' हा ठराव मांडणाऱ्यांच्या नजरेला ती गर्दी पडत नाही. त्यांचं मचाण दुसऱ्याच पाणवठ्यावर बांधलेलं असतं.

हे सगळं मी सचिवांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "भाषण चांगलं आहे. पण रकान्यात काय लिहू?"

शेवटी तपासणीचा दिवस उजाडला. साहेब अकराला आले, घामानं निथळत. नोंदवह्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सचिवांच्या खिशात आणि सचिव लग्नाच्या पंगतीत, कोराडी रोडला. फोन लागला. "मठ्ठा आला आहे, निघालोच," असं उत्तर आलं. ताईंनी साहेबांना कूलरजवळची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि वेळ जावा म्हणून वरच्या थरातला एक अर्नाळकर काढून हातात ठेवला.

साहेबांनी आधी तो बोटानं दूर सारला. मग मोबाईल पाहिला. रेंज नव्हती. मग पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

मी मचाणावर हललो नाही. जनावर बुजू नये म्हणून श्वासही बेतानं घेतला. वहीत लिहिलं, 'नर, वय अंदाजे पन्नास. कूलरच्या डाव्या अंगाला. 11.20 पासून.' बाराला साहेबांनी बूट काढले. साडेबाराला मांडी घातली. एकच्या सुमारास सचिव घाम पुसत आले, नोंदवह्या समोर मांडल्या, तर साहेबांनी मान वर न करता हातानंच 'थांबा' अशी खूण केली. अभ्यासिकेतली पोरं दारातून डोकावून गेली. फास्टर फेणेवाली मुलगी दोन पावलं पुढं येऊन त्यांच्या हातातलं पुस्तक कोणतं, ते पाहून गेली.

दीडला साहेबांनी शेवटचं पान उलटलं आणि खुर्चीतून अर्धे उठले. शेवटचं पान फाटलेलं होतं.

"खुनी कोण?" साहेब ओरडले. भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे त्यांचं लक्ष नव्हतं.

ताईंनी देवघेवीच्या वहीतून डोकं न काढता खुनी सांगितला, तो कसा पकडला गेला ते सांगितलं आणि वारसाचं पुढं काय झालं तेही सांगितलं. साहेब एखादी चिंता मिटावी तसे मागं रेलले. मग बूट घातले, चष्मा लावला आणि पुन्हा साहेब झाले. नोंदवह्यांवर भराभर सह्या केल्या. तपासणीच्या पत्रकावर शेरा लिहिला, गोल शिक्का मारला, ताईंना नमस्कार केला आणि गेले.

सचिवांनी थरथरत्या हातानं पत्रक उचललं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष भेटीत दोन तास थांबूनही ग्रंथालयात एकही वाचक आढळला नाही.'