गादीपारखी

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत गेल्या दहा-बारा वर्षांत जे नवे सामाजिक प्रकार दिसू लागले, त्यांपैकी गादीपारखी हा प्रकार अभ्यासकांच्या नजरेतून सुटण्याची शक्यता सर्वाधिक आहे, कारण त्याचे संशोधन घराच्या सर्वांत आतल्या खोलीशी संबंधित असते आणि त्या संशोधनाचे निष्कर्ष मात्र तो चहाच्या टपरीवर जाहीर करतो. गादीपारखी म्हणजे गादी भरणारा किंवा विकणारा नव्हे. एका पलंगावर दोन माणसांना स्वस्थ झोप लागावी यासाठी कोणती गादी घ्यावी, या प्रश्नाचा ज्याने स्वतःची झोप मोडून अभ्यास केला आहे, असा गृहस्थ म्हणजे गादीपारखी. तो साधारणतः पन्नाशीचा असतो, व्यवसायाने कनिष्ठ महाविद्यालयातला शिक्षक, बँकेतला रोखपाल किंवा मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या घाऊक पेठेतला, आडत दुकानदार असतो, आणि त्याच्या कमरेत कधीतरी एकदा चमक भरलेली असते. या एका चमकेच्या भांडवलावर पुढची सगळी विद्वत्ता उभी राहते.

अहमदपूर हे लातूर जिल्ह्यातील गाव लातूर आणि नांदेड या दोन बाजारपेठांना जोडणाऱ्या रस्त्यावर, दोहोंच्या जवळपास मध्यावर आहे, आणि या प्रकाराच्या उगमाचे निम्मे श्रेय या भूगोलालाच द्यावे लागते. ज्या गावातून दोन्हीकडे एसटीने साधारण सारख्याच वेळात पोचता येते, त्या गावचा माणूस कोणतीही मोठी वस्तू एका जागी पाहून घेत नाही. लातूरचा भाव नांदेडला सांगावा, नांदेडचा भाव लातूरला सांगावा, दोन्हीकडे चहा प्यावा आणि रिकाम्या हाताने परत यावे, ही तिथली रूढ खरेदीपद्धती आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटावर ५० टक्के सवलत मिळते, म्हणजे जी व्यक्ती गादीच्या निम्म्या भागावर झोपणार आहे तिला निम्म्या तिकिटात दुकानापर्यंत नेण्याची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. तरीही गादीपारखी दोन्ही शहरांना एखाद्या मित्राला घेऊन जातो, आणि तो मित्र पूर्ण तिकिटाचा असतो.

या गृहस्थाचे बालपण वाकळेवर गेलेले असते. वाकळ म्हणजे जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर ठेवून, हाताने दोरे घालून शिवलेले जाड अंथरूण. उन्हाळ्यात ती माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेल्या सपाट छतावर, पसरली जाई आणि आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे घर एका रांगेत झोपे. त्यामुळे सामायिक झोप ही कल्पना त्याला नवी नसते, नवी असते ती दोघांपुरतीच सामायिक झोप. पुढे लग्नात आलेली कापसाची गादी ही त्याची पहिली गादी. ही गादी दर तीन-चार वर्षांनी उसवून तिच्यातला गोळा झालेला कापूस पिंजून घ्यावा लागे, आणि त्यासाठी पिंजारी, ज्याला या भागात नदाफ असेही म्हणतात, खांद्यावर धनुष्याच्या आकाराचे पिंजण घेऊन दारात येई. पिंजणाची तात लाकडी ठोकळ्याने छेडली की जो ठणठणाट होई त्यावरून कोणाच्या घरी गादी निघाली आहे हे गल्लीला कळे, आणि गादी निघाली म्हणजे घरी पाहुणे येणार की सोयरीक जमणार, याचा अंदाज बांधायला शेजारणी मोकळ्या होत.

कापसाच्या या गादीला खरीखुरी स्मरणशक्ती होती. जो जिथे झोपे तिथे त्याच्या आकाराचा खळगा पडे, दोघांचे दोन खळगे वर्षा-दोन वर्षांत मध्यावर येऊन एक होत, आणि भांडण झालेल्या रात्रीसुद्धा दोघेही पहाटेपर्यंत त्या एकाच खळग्यात घसरून येत असत, ही त्या गादीची सोय होती की गैरसोय, हे ठरवणे कठीण आहे. याच्या उलट ज्या गादीच्या नावातच स्मृती आहे तो मेमरी फोम मात्र कमालीचा विसराळू असतो. त्यावर तळहात दाबून उचलला तर ठसा चार-पाच सेकंद टिकतो आणि मग काही घडलेच नव्हते अशा निर्विकारपणे पृष्ठभाग सपाट होतो. या पदार्थाचे शास्त्रीय वर्णन श्यान-प्रत्यास्थ पॉलियुरेथेन असे केले जाते: श्यान म्हणजे मधासारखा सावकाश सरकणारा, प्रत्यास्थ म्हणजे रबरासारखा मूळ आकाराला परतणारा, आणि ज्याच्यात हे दोन्ही स्वभाव एकत्र नांदतात तो श्यान-प्रत्यास्थ. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये तो तयार केला तेव्हा उद्देश विमानातल्या आसनांना धक्का सोसता यावा एवढाच होता. १९८० च्या दशकात तो सर्वांसाठी खुला झाला आणि १९९१ मध्ये एका स्वीडिश कंपनीने त्याची गादी बाजारात आणली. गादीपारख्याच्या मुखातून हा इतिहास बाहेर पडतो तेव्हा त्यात थोडा फुगवटा येतो, आणि टपरीवरच्या श्रोत्यांपैकी निदान दोघे तरी हीच गादी चांद्रयानात घातली होती अशी समजूत करून घरी जातात. त्या यानात माणूसच नव्हता ही अडचण सहसा कोणी काढत नाही.

गादीपारख्याची परीक्षणपद्धती मात्र नासाकडून आलेली नसते, ती हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारातून आणि मोंढ्यातून आलेली असते. ज्या बोटांनी बैलाचा जबडा उघडून दात मोजले, ज्या दातांनी सोयाबीनचा दाणा फोडून ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे की खाली हे सांगितले, त्याच बोटांनी आणि जवळपास त्याच दातांनी तो फोमला सामोरा जातो. दुकानात शिरल्यावर तो गादीवर प्रथम बसत नाही. कोपऱ्याची साखळी, म्हणजे खोळीची झिप, उघडायला लावतो आणि आतले थर बघतो. येथे त्याला पहिला मोठा शोध लागतो की मेमरी फोमची म्हणून विकली जाणारी गादी सबंध मेमरी फोमची नसते, तर वर एक-दोन इंचांचा मेमरी फोम आणि खाली चार-सहा इंचांचा साधा, ताठ फोम असतो. वास्तविक ही रचना योग्यच आहे, कारण सबंध गादी मेमरी फोमची केली तर माणूस चिखलात रुतल्यासारखा खाली जाईल. परंतु गादीपारखी हा शोध दुधात पाणी सापडल्याच्या आवेशात सांगतो आणि दुकानदार, ज्याने हे दिवसातून तीनदा ऐकलेले असते, पंख्याचा वेग वाढवतो.

दुसरा वाद घनतेचा. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन, जे मेमरी फोमच्या बाबतीत साधारणतः ४० ते ८० च्या दरम्यान असते आणि ज्यावरून फोम किती वर्षे टिकेल याचा अंदाज बांधता येतो; कडकपणा हा निराळा गुण आहे, तो फोम ठरावीक प्रमाणात दाबायला किती जोर लागतो यावरून मोजतात, आणि जास्त घनतेचा फोम मऊ असू शकतो, तसाच कमी घनतेचा फोम कडकही. हा भेद गादीपारख्याने वाचलेला असतो, पाठही केलेला असतो, परंतु त्याच्या अंतःकरणात जड ते कडक आणि कडक ते चांगले हे समीकरण इतके खोल रुजलेले असते की तो सत्तर घनतेच्या गादीला बुक्का मारून पाहतो आणि बुक्का आत गेला की निराश होतो. हे सर्व तपशील तो दोनशे पानी वहीत तक्त्याच्या रूपाने लिहितो, ज्यात उंची, थर, घनता, हमीची वर्षे, लातूरचा भाव, नांदेडचा भाव आणि मोबाइलवरचा भाव असे रकाने असतात. बायको या शीर्षकाचा रकाना त्या वहीत आढळत नाही.

मापांच्या बाबतीत तो अधिक वास्तववादी असतो. सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद गादीवर प्रत्येकाच्या वाट्याला तीस इंच येतात, सहा फूट रुंद गादीवर छत्तीस, आणि सुट्टीत नात येऊन मध्ये झोपली की दोन्ही हिशेब कोलमडतात, कारण चार वर्षांचे मूल आडवे झोपते आणि त्याचा विस्तार कोणत्याही तक्त्यात बसत नाही. शेवटी निर्णय खोलीच्या दारावरून होतो. कपाट उघडायला जागा हवी, म्हणून पाच फूट.

सामायिक झोपेच्या दृष्टीने मेमरी फोमचा सर्वांत वाखाणला जाणारा गुण म्हणजे हालचाल गिळून टाकणे: स्प्रिंगच्या गादीवर एकाने कूस बदलली की दुसरा उसळतो, मेमरी फोममध्ये मात्र दाब जिथल्या तिथे विरतो, आणि म्हणून एक जण रात्री चारदा उठला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. विक्रेते हे सिद्ध करण्यासाठी गादीच्या एका टोकाला पाण्याचा पेला ठेवून दुसऱ्या टोकावर उड्या मारून दाखवतात. गादीपारखी हा प्रयोग घरी, जुन्या गादीवर, तुलनेसाठी करतो, आणि सांडलेले पाणी पुसताना जे वाक्य त्याच्या कानावर पडते ते वहीत नोंदवले जात नाही: "काही हललं तर कळालं पाहिजे बघा. न कळणारी गादी घेऊन काय करायचंय?" या वाक्यामागे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट असते. त्या दिवशी चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हलली, आणि जे वाचले त्यांनीही त्यानंतरच्या कित्येक रात्री अंगणात, उघड्यावर काढल्या. त्या वर्षी जी मुलगी वीस वर्षांची होती ती आज पन्नाशीला आलेली आहे, आणि पलंग करकरला की तिचा हात आधी शेजारी जातो आणि मग दिव्याच्या बटणाकडे. हालचाल गिळणारा पदार्थ हा तिच्या लेखी गुणात धरण्याजोगा नसतो. गादीपारखी हे समजण्याइतका शहाणा असतो, परंतु वहीत रकाना नसल्यामुळे मुद्दा मागे पडतो.

दोन्ही शहरांत गाद्या दाबून झाल्यावर खरेदी अर्थातच मोबाइलवर होते. २०१६ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या वेकफिटसारख्या कंपन्यांनी शंभर रात्री झोपून पाहा, न पटल्यास परत करा, अशी मुदत देण्यास सुरुवात केली, आणि परत करता येते हे कळल्यावर न घेण्याचे कारण उरत नाही. हवा काढून, दाबून, गुंडाळून आलेली गादी खोक्यातून बाहेर काढली की फुगू लागते, आणि पूर्ण फुगायला एक-दोन दिवस घेते. या काळात फोममधली रसायने हवेत सुटून जो वास येतो त्याला घरातली म्हातारी माणसे फवारणीच्या औषधाचा वास म्हणतात आणि लेकरांना त्या खोलीत जाऊ देत नाहीत. परत करावी लागली तर डाग नको म्हणून गादीवरचे प्लास्टिक काढले जात नाही, प्लास्टिक चरचरते म्हणून त्यावर सतरंजी येते, सतरंजी टोचते म्हणून तिच्यावर वाकळ येते, आणि अशा रीतीने नासाच्या संशोधनाची आणि पाठीची भेट शंभर रात्री लांबते.

या शंभर रात्रींत ऋतूही बदलतो, आणि मेमरी फोमचा तो जरा अवघड स्वभाव उघड होतो की तो तापमानानुसार बदलतो: ऊब लागली की मऊ, थंडीत ताठ. बालाघाटच्या पठारावर जानेवारीच्या पहाटे तो फरशीशी स्पर्धा करतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की अंगाची उष्णता धरून ठेवत झोपणाऱ्याला हळूहळू आत घेतो. कंपन्या यावर उपाय म्हणून फोममध्ये थंडावा देणारे जेल मिसळतात, ज्याचा उल्लेख गादीपारखी आदराने करतो आणि वीज गेल्यावर वाकळ उचलून स्लॅबवर जातो. वर ती जागा आधीच झाडून, पाणी शिंपडून ठेवलेली असते. खाली गादी एकटी, कोणाचीही हालचाल न सांगता, पसरलेली असते.

असे असले तरी गादीपारख्याची कीर्ती मोठी होत जाते, आणि तिचा खरा उपयोग लग्नसराईत होतो. या भागात मुलीला संसारोपयोगी साहित्य म्हणून जे आंदण दिले जाते त्यात पलंग, गादी आणि कपाट ही त्रयी अटळ असते, आणि गादी निवडायला मुलीचे वडील, मामा, चुलते आणि गादीपारखी अशी चौघांची समिती गाडी करून लातूरला जाते. मुलगी त्या वेळी साड्यांच्या दुकानात असते, मुलगा पुण्याला नोकरीवर. चौघे ओळीने गादीवर बसतात, बुक्का मारतात, तळहात दाबून सेकंद मोजतात, साखळी उघडायला लावतात. मग दुकानातला पोरगा, ज्याला नेमका मऊपणा ठरवायचा असतो आणि ज्याचा प्रश्न शास्त्राला धरूनच असतो, विचारतो की झोपणाऱ्या दोघांची वजने किती. वडील एकोणऐंशी सांगतात, मामा ब्याण्णव सांगतात, चुलत्यांना शुगर झाल्यापासून ते अडुसष्टवर आलेले असतात. गादीपारखी मोबाइलवर चौघांची सरासरी काढतो, आणि त्या हिशेबाने, जरा कडकच, गादी घेतली जाते.