वयांची बेरीज

आमच्या दोघांच्या वयांची बेरीज ९४ होते, हे मला भारत सरकारमुळे कळलं. लग्नाच्या वेळी गुण जुळले होते आणि तेवढ्यावर आम्ही सुखात होतो. दत्तकाच्या २०२२ च्या नियमावलीनं आमची पत्रिका पुन्हा मांडली. नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं मूल, ९० पर्यंत असेल तर चार वर्षांपर्यंतचं, १०० पर्यंत असेल तर आठ वर्षांपर्यंतचं. नोंदणीच्या दिवशी मी ४९, ही ४५. म्हणजे पाळणा, अंगडी-टोपडी सगळं बाद.

ही बेरीज मी फारच मनाला लावून घेतली. इथे अमेरिकेत, एडिसनला मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मी समोरच्या जोडप्यांची वयं जुळवत बसे. हे ८३, ते ८८, ते पलीकडचे एकशे दहा, पण त्यांनी केस रंगवलेत. ८५ च्या आतली जोडपी मला उगाचच माजोरडी दिसू लागली. ‘तुझ्यामुळे वाढली,’ असं ही म्हणायची, त्यावर ‘बेरजेत पहिला-दुसरा असं काही नसतं’ हे मी तिला कागदावर सोडवून दाखवलं. शेवटी गृहभेटीचा अहवाल करायला समाजसेविका येणार, त्या सकाळी मीही केस काळे केले. माझा जन्मदाखला तिच्या फाइलमध्ये होता. तिनं एकदा दाखल्याकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्याकडे, आणि धुराचा अलार्म कुठे लावलाय ते विचारलं.

मूल पाच वर्षांचं झालं असेल तर त्याचाही होकार लागतो. घरात आधीचं मोठं मूल असेल तर त्याचाही. आमच्या चिरंजिवांनी खोली वाटून घ्यावी लागणार नाही या अटीवर सही दिली. राहिली ती आम्हाला सुचवलेली नागपूरची सहा वर्षांची मुलगी. तिच्या होकाराची मला काळजी नव्हती. रविवारच्या मराठी शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवतोय. ऱ्हस्व-दीर्घावरून मी आया-बापांना रडवलंय. परक्या देशात जाणाऱ्या त्या बिचाऱ्या पोरीला निदान एक माणूस तरी असं भेटेल, जे तिच्याशी निर्मळ मराठीत बोलेल, हे मी विमानात हिला बऱ्याचदा ऐकवलं. ही सिनेमा बघत होती.

संस्थेच्या ऑफिसात कांदेपोह्यांचा कार्यक्रमच झाला, फक्त बशी आमच्या हातात होती. मी घसा साफ करून म्हटलं, ‘बाळ, आमच्यासमवेत यायला तुला आवडेल का? आपण पुष्कळ मौज करू.’

ती संस्थेच्या ताईंकडे वळली. ‘हे काका असं काहून बोलून राह्यले? पुस्तकावानी?’

ताई खिडकीबाहेर पाहू लागल्या. आमच्या मुलाला यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यानं नुसते गाल फुगवून डोळे तिरळे केले. तिनं ते दोनदा करून घेतलं, आणि निकाल दिला, ‘हा दादा असन तं येतो मी.’

तर आमचा स्वीकार झाला तो असा, मुलाच्या सामानातला एक नग म्हणून.

पुढचे कागद म्हणजे ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर २०२२ पासून हे काम कोर्टाकडून त्यांच्याकडे आलं), हेग कराराखालचं प्रमाणपत्र, तिचा पासपोर्ट, दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीतला व्हिसा. त्याबद्दल लिहायचं तर वेगळा अंक काढावा लागेल.

मधे पुण्यात आईकडे राहिलो. ‘केवढं पुण्य पदरात पाडून घेतलंत!’ असं म्हणत बिल्डिंग भेटायला येई आणि मी मान खाली घाली. किती खाली घातली की विनय दिसतो आणि तरी चेहराही दिसतो, हे मला चांगलं जमलं होतं. मग एक काकू मुलीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, ‘नशीब काढलं हो पोरीनं.’

मुलगी तिथंच होती, बिस्किट खात. नागपूर सोडताना तिनं विचारलं होतं की शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीचं तिकीट कुठे आहे. आम्ही दोघंही गप्प बसलो. तिची संस्थेतली मावशी गेली, खाट गेली, मैत्रीण गेली, आता बोलीही जाणार, आणि याला लोक नशीब म्हणतात. मूल हवं होतं आम्हाला. तिनं कुठे अर्ज केला होता? काकूंना हे मी सांगणार होतो, पण गेले कित्येक दिवस खाली घातलेली मान वर यायला वेळ लागला.

तेवढ्यात आई बोलली. आई क्रिकेटची भक्त. ‘लिसा स्थळेकर माहितीय का? पुण्याच्या श्रीवत्समधून दत्तक गेलेली. वन-डेत हजार धावा आणि शंभर बळी, दोन्ही करणारी जगातली पहिली बाई. आता सांगा, नशीब कुणी काढलं, तिनं का ऑस्ट्रेलियानं?’ काकूंनी चहा संपवला.

नेवार्कला उतरलो. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यानुसार अशा व्हिसावर आलेलं मूल तपासणीच्या खिडकीतून आत आलं की नागरिकच होतं. मला हेच मिळवायला एच-वन, ग्रीन कार्ड, राज्यघटनेवरची तोंडी परीक्षा आणि हात वर करून शपथ लागली होती. माझं सगळं तारुण्य त्या रांगेत गेलं. अधिकाऱ्यानं शिक्का मारला तेव्हा नवी नागरिक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. तिला शू लागली होती.

आता पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी आमचा अहवाल भारतात जातो. मुलीला काही अडचण आहे का, असं समाजसेविका विचारते, आणि दुभाषी म्हणून आमचा मुलगा बसतो. होय, तोच, ज्याला दहा वर्षांत मी ‘मला भूक लागली आहे’ एवढं वाक्य शिकवू शकलो नाही. परवा फ्रिज उघडून तो म्हणाला, ‘मले भूक लागून राह्यली.’

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या एका आईचा फोन आला. कोथरूडच्या आहेत, आवाज थरथरत होता. ‘सर, आमची मुलगी सारखी काहून काहून करते. तुमच्याच वर्गात येते ना ती?’

‘हो, पण ते मी शिकवत नाही.’

‘मग कोण शिकवतं?’

‘नव्या बाई आल्यात,’ मी म्हटलं. ‘सहा वर्षांच्या आहेत. तक्रार थेट त्यांच्याकडेच करा. मला त्या जुमानत नाहीत.’